दसऱ्याच्या दिवशी मी बंद केलेलं इंजिन

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. बोलत राहिलो, आणि खोटं बोलत राहिलो. पुण्यात सकाळचं फिरून झालं की आम्ही निवृत्त मंडळी बागेतल्या एका बाकावर जमतो. बहुतेक सगळे एकाच डिझेल इंजिनांच्या कारखान्यातले. मी तिथे टेस्ट बेडवर, म्हणजे नवी इंजिनं चालवून तपासतात तिथे, होतो. अधूनमधून कुणीतरी विचारतो, "काय हो, जावयाच्या त्या सिंगापूरच्या राक्षसाचं काय झालं?" मग मी मान हलवतो आणि म्हणतो, "अहो, त्या जुन्या अमेरिकन इंजिनांचा काय भरवसा! त्यात बांधणारा कॉम्प्युटरवाला." सगळे हसतात. मीही हसतो.

यातलं एकही वाक्य खरं नाही. इंजिन भरवशाचं होतं. बांधणाऱ्यानं ते चोख बांधलं होतं. ते मी मारलं.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. जावई मला आवडत नसे आणि आजही आवडत नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात अरे-तुरे. इथे खरं लिहायला बसलो आहे, तेव्हा अरे-तुरेच लिहितो. त्याचं बोलणं मला उर्मट वाटतं, त्याला माझं. पण आवडनिवड वेगळी आणि इंजिन वेगळं. मी ती दोन्ही एकात कालवली, तिथेच सगळं बिघडलं.

मुलगी आणि जावई सिंगापुरात सेंगकांगला राहतात. तो तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचा मॅनेजर. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा फ्लॅटच्या खिडकीतून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी जाताना दाखवत मुलगी म्हणाली, "बघा बाबा, इथे गाडीची गरजच नाही. आणि यानं काय आणलंय ते खाली चला बघायला."

खाली पार्किंगमध्ये ती उभी होती. दोनच दरवाजे, पुढचं नाक एवढं लांब की शेजारच्या गाडीला ओशाळवाणं व्हावं. साठच्या दशकाच्या शेवटाची, अमेरिकेत बनलेली. कुणीतरी ती ऑस्ट्रेलियात नेऊन तिचं स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलं होतं, आणि तिथल्याच एका माणसानं सिंगापूरहून मायदेशी परतताना ती जावयाला विकली होती. सिंगापुरात इतक्या जुन्या गाडीला वेगळा परवाना लागतो आणि वर्षातले ठरावीक दिवसच ती रस्त्यावर काढता येते. त्यानं बॉनेट उघडलं. आत आठ सिलिंडरचं, सात लिटरचं बिडाचं धूड बसलं होतं. अशा इंजिनांना 'बिग ब्लॉक' म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी त्यानं मला समजावून सांगितलं. हे त्याचं नेहमीचं.

मी म्हणालो, "सात लिटर! एवढ्यात आमच्याकडे ट्रक उसाची भरलेली ट्रॉली ओढतो."

"आणि घाटात दुसऱ्या गिअरवर रडतो," तो म्हणाला.

"रडतो, पण पोचतो. ही पोचते का?"

"बसा, दाखवतो."

मुलगी म्हणाली, "मी नाही येत. माझे केस पेट्रोलचा वास धरतात."

रविवारची सकाळ होती. मरीन परेडच्या बाजूनं समुद्राकाठच्या हमरस्त्याला लागलो. रस्ता मोकळा मिळाला तसा त्यानं पाय दाबला. डिझेलची ताकद मला ठाऊक आहे. ती मागून ढकलत येते, थोडी धापा टाकत. ही तशी नव्हती. आवाज कानात पोचायच्या आत माझी पाठ सीटला चिकटली होती. इंजिनाला काही कष्ट पडताहेत असं वाटलंच नाही. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी, तेवढंच त्याला पडलं असावं. उभा जन्म इंजिनांच्या आवाजात गेला, पण असं मी कधी अनुभवलं नव्हतं. मला हसू आलं होतं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवलं.

"कसं वाटलं, बाबा?"

"आवाज फार आहे."

परतताना वाहतूक तुंबली. मी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसलो. त्या उकाड्यात, एकेक फूट सरकताना, हे बिडाचं धूड तापणारच, आणि मग मी काय काय बोलणार, हे मी मनात जुळवत होतो. काटा मेला हललाच नाही. नवा मोठा रेडिएटर आणि दोन पंखे त्यानं आधीच बसवून घेतले होते. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "तापली का?" मी म्हणालो, "आज नाही तापली." 'आज' या शब्दावर मी किती जोर दिला, ते मला आठवतं.

गाडीचं एकच दुखणं होतं. सुरू करताना निळा धूर यायचा. वय झालं होतं, आत तेल जळत होतं. पूर्ण खोलून बांधणं हाच उपाय. जावई म्हणाला, "मीच बांधणार."

"तुम्ही?"

"हो. पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, हात आहेत."

"लॅपटॉप बंद करून परत चालू केला की सुधारतो, तसं हे नसतं."

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच करायचंय."

माझी मुलगी काही कजाग बाई नाही. पण सुट्टीचा प्रत्येक दिवस नवरा गॅरेजमध्ये, घरातल्या टबात पिस्टन भिजत घातलेले, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कार्बोरेटर. मी पुण्याला परतल्यावर सुमारे वर्षभर हे चाललं आणि एक दिवस तिनं अट घातली. दसऱ्याला इंजिन सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत कटकट न करता चाललं, तर गाडी राहील आणि ती पुन्हा त्यावर एक शब्द बोलणार नाही. नाहीतर विकायची. तो कबूल झाला. मग तिनं मला फोन केला. "बाबा, दसऱ्याला इकडे या. मला इंजिनातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी मानीन." तिच्या या वाक्यानं मला केवढं बरं वाटलं! निवृत्त झाल्यापासून माझं काहीच कुणी मानत नव्हतं.

मी दसऱ्याच्या बरेच दिवस आधीच जाऊन पोचलो. गॅरेज एका औद्योगिक वसाहतीत होतं. बहुमजली इमारत, गाड्या वळणावळणाच्या उतारावरून वर चढत आणि प्रत्येक मजल्यावर गाळेच गाळे. एका चिनी मालकाच्या गाळ्यातला कोपरा जावयानं भाड्यानं घेतला होता. जाताना हौगांगला उतरून आम्ही कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायचो, टोस्ट खायचो. तो फोन बघायचा, मी समोरच्या फ्लॅट्सच्या काठ्यांवर वाळणारे कपडे बघायचो. दोघांना एकमेकांशी बोलायचं नव्हतं आणि दोघांना एकाच ठिकाणी जायचं होतं.

मी चुका शोधायला जात होतो. पुण्याहून मोजायची साधनं घेऊनच गेलो होतो. इंजिन अजून पूर्ण जोडून झालं नव्हतं, तेव्हा फटी मोजल्या, नटबोल्टचा ताण तपासला, जिथे हात जाईल तिथे घातला. एकही चूक सापडली नाही. कॅमशाफ्ट बसवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्याच्या प्रत्येक उंचवट्याला त्यानं काळी घट्ट पेस्ट चोपडली होती, अगदी सढळ हातानं. कोपरापर्यंत काळा झाला होता तो. मी म्हणालो, "बरं आहे." त्याहून जास्त काही बोललो नाही.

आता थोडं तंत्राचं. त्यावाचून माझा अपराध कळणार नाही. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. तो फिरतो तसे ते उंचवटे टॅपेट नावाच्या लहान खुंट्यांना वर ढकलतात आणि त्यातून व्हॉल्व्ह उघडतात. या जुन्या इंजिनांत टॅपेटचा सपाट तळ थेट उंचवट्यावर घासतो, लोखंडावर लोखंड. नवे असताना दोघांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. त्या वेळात त्यांना तेल मिळतं ते खालून, क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा जोरात फिरताना उडवतो ते. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्याबरोबर इंजिन वेगात न्यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं वेगातच ठेवायचं. मध्ये थांबवायचं नाही आणि हळू चालवायचं तर मुळीच नाही. हळू चाललं की तेल पोचत नाही, आणि उंचवटे खरवडले जातात.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना जावयानं हे सगळं मला सांगितलं होतं.

"व्हिडिओत सांगितलं का?" मी विचारलं.

"ही इंजिनं बांधणारे सगळेच सांगतात."

"आमच्या टेस्ट बेडवर नव्या इंजिनाला पहिल्याच मिनिटाला कुणी असं किंचाळायला लावलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. आधी हळू चालवायचं. तेलाचा दाब बघायचा, गळती बघायची, बंद करायचं. मग हळूहळू भार."

"ते डिझेल, बाबा. हे वेगळं."

"इंजिन वेगळं असेल. लोखंड तेच."

"लोखंड तेच, पण कॅम तो नाही ना!"

"जेवा आता दोघं," मुलगी म्हणाली. "आमटी गार होतेय, तिला तरी गरम राहू द्या."

दसऱ्याला त्यानं रजा घेतली होती. मुलीनं लिटिल इंडियातून झेंडूचे हार आणले. मी नारळ निवडून घेतला, कानाशी हलवून, पाणी वाजवून. कारखान्यात खंडेनवमीला हा मान कित्येक वर्षं माझा होता. सगळे टेस्ट बेड बंद असत, एकच नवं इंजिन हार घालून हळू आवाजात गुरगुरत ठेवलेलं असे. ते गुरगुरत असताना आरती व्हायची आणि मग मी नारळ फोडायचो. निवृत्तीनंतर नारळ दुसऱ्याच्या हातात गेला. त्या गाळ्यात तो परत माझ्या हातात आला होता.

ठरलं होतं असं, की आधी इंजिन सुरू करून त्याचा तो वेगाचा कार्यक्रम उरकायचा आणि मग पूजा. तो आत बसला. किल्ली फिरवली. इंजिनानं पहिल्याच फिरकीला पकड घेतली. हे सोपं नसतं. मी चांगले चांगले बांधणारे बॅटरी संपेपर्यंत किल्ली फिरवताना पाहिले आहेत. त्यानं लगेच वेग चढवला आणि तिथेच धरला. काँक्रीटच्या त्या मजल्यावर आवाज असा घुमला की माझ्या हातातल्या नारळातलं पाणी थरथरलं. मुलीच्या ताटातलं निरांजन विझलं. गाळ्याचा चिनी मालक धावत आला आणि कानांवर हात ठेवून ओरडला, "अंकल! टू लाऊड, अंकल!"

त्यानं मला अंकल म्हटलं. मला. जणू या सगळ्याचा जबाबदार मीच. आणि गाडीत बसलेला जावई माझ्याकडे बघतही नव्हता. मी हातानं खूण केली, खाली आण. त्यानं मान हलवली, नाही. मी परत खूण केली. त्यानं परत मान हलवली, आणि या वेळी तो किंचित हसला. मी पुढे झालो, खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

एकदम शांतता झाली. इंजिन सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नसतील.

"बाबा!"

"आधी पूजा. मग काय ती बोंबाबोंब करा."

"बाबा, हे थांबवायचं नसतं. काल मी तुम्हाला..."

"तुम्ही मला इंजिन शिकवणार?"

मुलगी म्हणाली, "अरे, दहा मिनिटांनी काय बिघडतंय? बाबा सांगताहेत ना. निरांजनही विझलं. आजच्या दिवशी तरी वाद नको."

तो म्हणाला, "ठीक आहे. मग बंद ठेवून पूजा करू."

इथे मी थांबायला हवं होतं. बंद ठेवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मी म्हणालो, "मेलेल्या इंजिनाची पूजा करत नाहीत. सुरू करा. हळू ठेवा."

त्यानं मुलीकडे पाहिलं. ती निरांजन पेटवत होती. मग त्यानं किल्ली फिरवली. समोर सासरा, शेजारी बायको, हातात ताट आणि दसऱ्याचा दिवस. आमच्या घरातला माणूस अशा वेळी दुसरं काय करतो? इंजिन हळू गुरगुरू लागलं. फार सुंदर गुरगुरत होतं. मी हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आरती झाली. मग मी दुसरी आरती सुरू केली. मग तिसरी. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता आणि त्याचे ओठ हलत नव्हते. मला ते दिसत होतं आणि मला ते बरं वाटत होतं. मग नारळ, मग प्रसाद, मग मुलीनं फोटो काढले. सहज अर्धा तास गेला. त्यानंतर त्यानं वेग चढवला आणि पुस्तकात होती तेवढी मिनिटं भरून काढली. पण जे व्हायचं ते तोवर आत होऊन गेलं होतं.

पुढचे काही दिवस गाडी चालली. निळा धूर गेला होता. मुलगी एकदा स्वतःहून बसली आणि परत आल्यावर म्हणाली, "तशी बरी आहे रे." जावयाचा चेहरा उजळला. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिघं ईस्ट कोस्टला जेवायला गेलो होतो. जातानाच मला बॉनेटखालून एक बारीक टकटक ऐकू आली. त्यालाही आली असणार. परतताना हमरस्त्यावर इंजिनानं अडखळायला सुरुवात केली आणि मग कार्बोरेटरमधून फटाफट बार निघू लागले.

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आली वाटतं दिवाळी."

गाडी ओढून न्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात त्यानं वरचा भाग उतरवला आणि एकेक टॅपेट बाहेर काढून कापडावर ठेवला. मी त्यातला एक तळहातावर घेतला. ज्याचा तळ सपाट असायला हवा, तो वाटीसारखा खोल झाला होता. कॅमचा त्याच्यावरचा उंचवटा गोल झाला होता, उंचवटा राहिलाच नव्हता. कारण काय ते मला त्याच क्षणी कळलं. कुणाला विचारायची गरज नव्हती.

मुलगी ऑफिसातून थेट आली होती, खांद्यावर बॅग तशीच. तिनं विचारलं, "बाबा, काय झालं?"

जावई काही बोलला नाही. हे मला आजही नीट उमगत नाही. माझ्याकडे बोट दाखवायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण तो हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. तो वाट बघत होता. मी काय म्हणतो, ते त्याला ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "जुळणीत चूक झाली. कॅमला पेस्ट पुरेशी लागली नव्हती."

तो हसला. "वा, बाबा."

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"काही नाही. बाबा म्हणतात ते बरोबर असणार. त्यांचा अनुभव आहे." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "दसरा आठवतो ना, बाबा?"

"आठवतो," मी म्हणालो. "नारळ चांगला फुटला होता."

ते शब्द मी बोललो. त्याला टोमणा पुरता कळावा आणि मुलीला काहीच कळू नये, असा तोल सांभाळून बोललो. या वयातही मी तेवढा हुशार आहे.

गाडी विकली गेली. ती होती तशी, उघड्या इंजिनासकट, ऑस्ट्रेलियातल्याच कुणीतरी घेतली आणि ती कंटेनरमधून परत गेली. मी त्याआधीच पुण्याला आलो आणि बाकावरच्या मंडळींना ती सुरुवातीला लिहिलेली दोन वाक्यं ऐकवली.

गाडी गेली एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण काही वर्षांनी परत सिंगापूरला गेलो तेव्हा माझ्या त्या एका वाक्यानं त्या घरात काय केलं आहे, ते मी पाहिलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. जेवता जेवता जावई उठला, खणातून पाना काढला. मुलगी म्हणाली, "ठेव ते. तुझी जुळणी माहीत आहे. उद्या प्लंबर येईल." ती चिडून बोलली नाही. रोजचं बोलावं तसं बोलली. त्यानं पाना परत खणात ठेवला आणि येऊन जेवायला बसला. कपाटाची कडी, पंख्याचं बटण, सगळ्याला तेच उत्तर. आणि शेवटी माझ्याकडे बघून, कौतुकानं, "बाबांनी सांगितलंच होतं." सुट्टीच्या दिवशी तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याचे हात मऊ, स्वच्छ झाले होते. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला, आणि भात मागून घेतला.

त्याच मुक्कामात एकदा मुलगी घरी नसताना त्यानं फोन माझ्यासमोर धरला. व्हिडिओ होता. तीच गाडी, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्यातरी लांबलचक उघड्या रस्त्यावर. आवाज मी ओळखला.

"कॅम, टॅपेट आणि बेअरिंगं बदलली नव्या मालकानं," तो म्हणाला. "बाकी सगळं माझं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत देश फिरतोय. एकदाही थांबली नाही म्हणतो."

मी विचारलं, "तिला दाखवलंत?"

"कशाला?"

तेव्हा त्या इंजिनाबद्दल जे खरं आहे ते मी इथे लिहून ठेवतो. माझ्या शब्दाला बाकावर तरी अजून किंमत आहे. ते पेट्रोल पितं, आणि पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं पितं. वजनानं गाडीचं नाक जड करतं. पण त्याच्या भिंती जाड आहेत, ते संथ फिरतं, आणि त्याच्याकडे ताकद एवढी शिल्लक असते की रोजच्या वापरात त्याला घाम फुटत नाही. थंड ठेवण्याची नीट व्यवस्था केली तर सिंगापूरच्या गर्दीतही ते तापत नाही. मी स्वतः काट्याकडे बघत बसलो होतो. ते सांभाळणाऱ्याला दगा देत नाही. त्याला आयुष्यात एकदाच, पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांपुरता, न थांबवणारा माणूस लागतो. तो माणूस त्याच्याकडे होता. मी त्याला थांबवलं.

निघायच्या दिवशी दोघं चांगी विमानतळावर सोडायला आले. मुलगी चौकशीच्या खिडकीशी गेली. ट्रॉलीपाशी आम्ही दोघंच उरलो.

मी म्हणालो, "जावई, त्या दसऱ्याला..."

"पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा, बाबा."

"ठेवलाय. मी म्हणत होतो, त्या दसऱ्याला मी..."

"नको." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. तिला सांगा. ती आली की माझ्यासमोर सांगा."

आणि ती आलीच. "काय चाललंय दोघांचं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. त्या गाळ्यात त्यानं पाहिलं होतं, अगदी तसाच तो पाहत होता. परत वाट बघत होता.

मी म्हणालो, "काही नाही गं. इथे आवाज फार आहे."

त्यानं ट्रॉली माझ्या हातात दिली आणि मला वाकून नमस्कार केला. रीत कधी चुकवत नाही तो. तेवढं मात्र मी कुणालाही सांगत आलो आहे.

आता रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं. मुलगी समोर असते, तो मागे कडेला, अर्धा दिसतो. मी हवेचं विचारतो, जेवणाचं विचारतो. दर वेळी फोन लावण्याआधी मी एक वाक्य मनात घोटून ठेवतो, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर ते तसंच शिल्लक असतं. ते असं आहे: पोरी, त्याची जुळणी चोख होती, किल्ली मी फिरवली आणि खोटंही मीच बोललो, जावई, माझं चुकलं, मला माफ करा.